करायला गेलो काठवट

आमच्या घरात गोल वस्तूंची वानवा कधीच नव्हती. पोळपाट गोल, लाटणं गोल, ताकाची रवी गोल, माळ्यावर पडलेल्या पाळण्याचे खांब गोल, आणि मुलाचा तो भोवरा, जो दर दिवाळीच्या साफसफाईत सापडतो आणि फराळ संपायच्या आत पुन्हा हरवतो, तोही गोल. हे सगळं कुणीतरी कुठेतरी लेथवर लाकूड फिरवून, त्याला हत्यार लावून कातलेलं असतं, हा विचार उभ्या आयुष्यात माझ्या मनाला शिवला नव्हता. बँकेत व्हाउचरं तपासण्यात दिवस जात होते, घरात पोळ्या लाटल्या जात होत्या, ताक घुसळलं जात होतं, आणि महाराष्ट्रातलं लाकूड माझ्यापासून सुरक्षित होतं. मग मी निवृत्त झालो.

निवृत्त माणसाने काय करावं हे आमच्या सोसायटीत ठरलेलं आहे. सकाळी टेकडी, दुपारी झोप आणि संध्याकाळी बाकावर बसून महापालिकेला नावं ठेवणं. यातलं शेवटचं मला बऱ्यापैकी जमायला लागलं होतं, तेवढ्यात आम्ही कोकणात गेलो आणि वाटेत सावंतवाडीला उतरलो. तिथल्या चितार आळीत लाकडी खेळण्यांची दुकानं आहेत. केळी, पेरू, सीताफळं, सगळी लाकडाची, पण रंगवून टोपलीत अशी मांडलेली की मी त्यातलं एक सीताफळ पिकलंय का म्हणून दाबून पाहिलं. दुकानदाराने तिकडे पाहिलं नाही. त्याला सवय असावी.

तिथेच एका कारागिराला मी काम करताना पाहिलं. त्याने लेथवर एक ओबडधोबड ठोकळा चढवला, मोटार चालू केली, हत्यार टेकवलं, आणि माझ्या हातातला चहा निवायच्या आत लाकडाचा आंबा करून बाजूला ठेवला. चेहऱ्यावर कष्टाची रेघ नाही, कपाळावर घामाचा थेंब नाही. मी विचारलं, "अवघड असतं का हो हे?" तो नम्रपणे म्हणाला, "हात बसलो काय झाला." या वाक्याचे दोन भाग आहेत. मी दुसराच ऐकला.

पुण्याला परतल्यावर मी एक छोटा लेथ मागवला. अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटार, डावीकडे लाकूड धरून फिरवणारं डोकं, उजवीकडे मागेपुढे सरकणारं शेपूट, मध्ये हत्यार टेकवायला पट्टी. अर्धी हॉर्सपॉवर म्हणजे पावणेचारशे वॉटसुद्धा नाही आणि आपला मिक्सर पाचशे वॉटचा आहे, हे आमच्या हिने वॉरंटी कार्ड काढून दाखवलं. तरीही लेथ बाल्कनीत बसला. बाल्कनीतलं कपडे वाळत घालायचं स्टँड हॉलमध्ये आलं, हॉलमधली टीपॉय बेडरूममध्ये गेली, आणि घरी पाहुणे आले की ते माझ्या बनियनांच्या खाली बसून चहा पिऊ लागले.

काय करायचं हे आईने ठरवलं. "भाकरीचं पीठ मळायला काठवट कर," ती म्हणाली. "तुमची ती स्टीलची परात हात लावला की ओट्यावर पळत सुटते." तिच्या माहेरची काठवट एवढी होती म्हणून तिने दोन्ही हात पसरून दाखवले. मी माहितीपुस्तक उघडलं. आमच्या लेथवर दहा इंचांहून मोठं काही फिरत नाही. दहा इंचांत एका वेळी एकाच माणसाच्या भाकरीचं पीठ मळून होईल, हे मी तिला समजावून सांगितलं. "मग तुझं तू मळ," आई म्हणाली. इथे काठवट संपली आणि फळं ठेवायचा बाऊल सुरू झाला.

लाकूड मात्र नशिबाने चालून आलं. पावसाळ्यात सोसायटीतल्या आंब्याची एक फांदी सेक्रेटरींच्या गाडीवर पडली. सगळे गाडीकडे धावले, मी फांदीकडे. सेक्रेटरींनी त्याही अवस्थेत मला १९७५ चा झाडं जपण्याचा कायदा ऐकवला. झाड मी तोडलेलं नाही, ते तुमच्या गाडीने तोडलं, असं माझ्या तोंडून निघून गेलं. तेव्हापासून ते माझ्याशी फक्त नोटीस बोर्डावरून बोलतात. महापालिकेच्या गाडीने बाकीची फांदी उचलली, मी एक जाडजूड ओंडका लिफ्टने वर आणला. त्याच्या सालीतले मुंगळेही लिफ्टनेच आले.

आता वेगाचं गणित सांगतो, कारण ते मला पाठ होतं. लाकडाचा व्यास इंचात घ्यायचा, त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणायचं, आणि उत्तर साधारण ६,००० ते ९,००० च्या मध्ये ठेवायचं. म्हणजे दहा इंचांच्या ठोकळ्याला मिनिटाला सहाशे ते नऊशे फेरे, आणि ठोकळा ओबडधोबड असेल तर त्याहूनही कमी. हे गणित मी कागदावर लिहून बाल्कनीच्या दाराला चिकटवलं होतं. वेगाचं बटण मात्र जिथे होतं तिथेच होतं, आणि ते दोन हजारांच्या पुढे होतं. मी मोटार चालू केली. लेथ थरथरला, मग हलला, मग त्याने बाल्कनीतून हॉलच्या दिशेने चालायला सुरुवात केली. मी त्याला मिठी मारली. एवढ्यात ठोकळ्याने त्याला धरून ठेवणाऱ्या फेसप्लेटचे स्क्रू सोडले आणि तो तुळशीच्या कुंडीवर जाऊन आदळला. तुळस वाचली. कुंडी गेली. त्या दिवसापासून मी काम करताना स्कूटरचं हेल्मेट घालतो. पुण्यात राहून मी हेल्मेट घालतो ते फक्त बाल्कनीत.

वेग उतरवल्यावर मात्र मजा आली, हे कबूल केलं पाहिजे. ओलं आंब्याचं लाकूड कातताना पाण्याचे तुषार उडतात, लांब लांब ढलप्या खांद्यावरून मागे जातात, आणि लाकडाला कच्च्या कैरीची आठवण करून देणारा एक आंबूस वास येतो. गॉज म्हणजे पन्हळी पात्याची पटाशी. तिच्या धारेमागचा उतार आधी फिरत्या लाकडावर नुसता टेकवायचा, मग मूठ हळूहळू वर उचलायची, म्हणजे धार लाकडाला लागते. धार आधी टेकवली तर ती रुतते. वाडग्याच्या ठोकळ्यात तंतू आडवे असतात, त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात दोनदा त्यांची टोकं धारेसमोर येतात, आणि रुतण्याची संधी मिनिटाला हजारभर वेळा चालून येते. मी त्यातली एकही वाया घालवली नाही. दर वेळी ‘खाड’ असा आवाज व्हायचा, लाकडातून एक कपचा उडायचा, आणि आतून हिचा आवाज यायचा, "झालं का?"

लेथ सुरू झाला की माणसं जमतात, हेही मला नवीन होतं. इजिप्तमध्ये पेटोसिरिस नावाच्या पुजाऱ्याच्या थडग्यात इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमाराचं एक शिल्पचित्र आहे. त्यात लेथवर काम चाललेलं आहे. एक माणूस दोरी मागेपुढे ओढून लाकूड फिरवतोय, दुसरा हत्यार धरून बसलाय. हे लेथच्या सगळ्यात जुन्या चित्रांपैकी एक, आणि त्यात सल्ला देणारा कुणीही नाही. आमच्या बाल्कनीत दोरी ओढायला मोटार होती, पण सल्ला द्यायला खालच्या मजल्यावरचे एक निवृत्त इंजिनिअर, समोरच्या बाल्कनीतले एक होमिओपॅथ आणि पेपर टाकणारा मुलगा होता. त्यातल्या त्यात पेपरवाल्याचं बरोबर असायचं.

बाहेरून वाटोळं, आतून पोकळ असं काहीतरी तयार झाल्यावर मला वाटलं, संपलं. तर नाही. ओलं लाकूड कातून झाल्यावर भिंत जाड ठेवायची असते, व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकी. म्हणजे दहा इंचांना एक इंच. मग तो जाडा बाऊल कागदी पिशवीत घालून सावलीत कित्येक महिने वाळवायचा. वाळला हे कसं कळतं? वजन करून. पाणी उडतं तसं वजन उतरतं, आणि उतरायचं थांबलं की लाकूड हवेशी जुळलं. दर रविवारी मी हिच्या स्वयंपाकघरातला काटा घेऊन बाऊलचं वजन करायचो आणि कॅलेंडरवर गॅस सिलिंडरच्या तारखेशेजारी लिहायचो. बाऊल बारीक होत होता. ही एका रविवारी शांतपणे म्हणाली, "त्याचं उतरतंय. तुम्हीही बसा ना पिशवीत."

मधल्या काळात पिशवीच्या तळाशी बारीक पीठ जमायला लागलं. मी तर हातही लावला नव्हता. मग लाकडावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली तेव्हा कळलं की आंब्याच्या लाकडाला भुंगा लवकर लागतो. म्हणजे आत कुणीतरी माझ्यापेक्षा नियमित काम करत होतं, आणि तेही मोटार न लावता, हेल्मेट न घालता आणि तुळस न पाडता. त्याला औषध घालून घालवताना मला थोडं वाईट वाटलं. घरात लाकूडकाम जमणारा तेवढा एकच होता.

पिशवीतून बाऊल काढला तर तो लांबट झाला होता. लाकूड वाळताना सगळीकडून सारखं आकसत नाही. वर्षागणिक पडणाऱ्या वलयांच्या कडेकडेने ते जेवढं आकसतं, ते गाभ्याकडून सालीकडे आकसण्याच्या जवळपास दुप्पट असतं. म्हणून वर्तुळ घालून ठेवलं की लंबवर्तुळ बाहेर येतं. वर एका कडेला चीर. आता पुन्हा कातून गोल करायचा म्हणजे लांब बाजू कापत आणायची, आणि चीर जाईपर्यंत काठ उतरवायचा. दहाचे नऊ झाले, नवाचे आठ, मध्ये दोनदा ‘खाड’ झालं, आणि सात इंचांवर मी थांबलो. फळांचा बाऊल आता कोशिंबिरीचा झाला होता. ही म्हणाली, "घाई करू नका. अजून थोडं काम केलंत तर हळदी-कुंकवाचा करंडा होईल."

बाऊल धरायला चक नावाचं चार जबड्यांचं यंत्र असतं. त्यासाठी बुडाला बाहेरून एक गोल खाच पाडायची, तिच्यात जबडे आतून ताणून बसतात, मग निवांत आतला भाग कोरायचा. मी खाच पाडली, पाव इंच खोल. मग ठोकळ्याची पूर्ण उंची मोजली, आत पट्टी उभी करून खोली मोजली, आणि तळ बरोबर पाव इंच जाड राहील असा हिशोब करून कातत गेलो. पाव इंच तळ. त्यात खालून पाव इंचाची खाच. पाव वजा पाव. माझं आयुष्य बँकेत गेलंय.

आधी आवाज बदलला, मग हत्यारासमोर लाकडाऐवजी चकचं चकचकीत पोलाद दिसलं, आणि तळाची एक चकती टुणकन उडून हॉलमध्ये वाळत घातलेल्या माझ्याच लुंगीच्या घडीत जाऊन बसली. चकती निर्दोष गोल होती. आख्ख्या उपक्रमात तेवढी एकच.

एखादा तिथेच थांबला असता. मी म्हटलं, तळ गेला तरी बाजू आहेत, त्यांना पॉलिश करू. पॉलिश पेपर ८० नंबरपासून सुरू करून १२०, १८०, २४० करत ४०० पर्यंत जायचं असतं, आणि आधीच्या नंबरचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा नंबर घ्यायचा नसतो. मी मधले एकदोन गाळले. ते ओरखडे कोरड्या लाकडावर दिसत नाहीत. तेल लावलं की गल्लीतून दिसतात.

तेलही आधी घरचं शेंगदाण्याचं लावलं. शेंगदाण्याचं तेल लाकडावर वाळत नाही, ते नुसतं चिकट होऊन बसतं. दोन दिवसांत आमच्याकडचे मुंगळे, जे फांदीबरोबर आले होते आणि नंतर कुठे गेले याची मला काळजी लागली होती, ते सगळे सहकुटुंब सापडले. तेल पुसून काढल्यावर मला चन्नपट्टणच्या खेळण्यांची आठवण झाली. तिथले कारागीर रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबतात, घासण्याच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरते, आणि मग केवड्याच्या जातीचं पान दाबून तिला आरशाची चमक आणतात. लाख तर माझ्याकडे होती! बँकेतल्या पिशव्यांना सील करायची तांबडी कांडी मी निवृत्त होताना आठवण म्हणून ड्रॉवरमधून उचलून आणली होती. ती मी पूर्ण वेगात फिरणाऱ्या बाऊलवर दाबली. लाख वितळली, हे खरं. पण ती लाकडावर न थांबता माझ्या हेल्मेटवर, बनियनवर आणि भिंतीवर गेली. ही दारात आली, तांबडे शिंतोडे उडालेला नवरा पाहिला, आणि किंचाळून तिने समोरच्या होमिओपॅथना हाक मारली. त्यांनी बाल्कनीतूनच मला तपासलं आणि अर्निका सांगितलं.

शेवटी जवसाचं तेल आणलं. ते हवेतला प्राणवायू घेऊन खरोखर वाळतं आणि लाकडावर पातळ पापुद्रा धरतं. पण वाळताना ते तापतं. तेलाने भिजलेला फडका चुरगळून टाकला की ती उष्णता घडीत कोंडते आणि काडी न ओढता तो पेटू शकतो. हे डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. मी ते वाचायला चष्मा लावला तेव्हा कचऱ्याच्या डब्यातून धूर येत होता. फडका माझाच होता, म्हणजे मी समजत होतो तसा. विझवल्यावर हिने तो ओळखला. तिच्या ओटीतलं ब्लाउजपीस.

एवढं सगळं होऊनही बाऊल दिसायला वाईट नव्हता. पिवळसर तपकिरी अंग, मध्ये भुंग्याच्या भोकांची नक्षी, आणि तळाच्या जागी दोन इंचांचं गोल आकाश. तो कुठे ठेवायचा यावर घरात एकमत होत नव्हतं. मग उन्हाळा आला आणि आईने माठ काढला. माठाचं बूड गोल, तो ओट्यावर कलंडायचा. आईने इकडेतिकडे पाहिलं, माझा बाऊल उचलला, ओट्यावर ठेवला आणि त्यावर माठ ठेवला. माठ असा घट्ट बसला की वाटावं, मोजमाप घेऊनच केलाय. शिवाय माठ पाझरायचा, ते पाणी भोकातून खाली ताटलीत जायचं. तळ असता तर साचलं असतं. "बघ," आई म्हणाली, "तुझ्याकडून चुंबळ होणार होती. उगाच काठवट म्हणत होतास."

वरच्या मजल्यावरच्या वहिनी साखर मागायला आल्या आणि माठापाशी थांबल्या. "भावोजी, तुम्ही केलंत? आणि पाणी निथळायला खाली भोकसुद्धा! काय विचार करून केलंय हो." मी विचार करून केल्याच्या चेहऱ्याने मान हलवली. ही आत गेली. तिला हसू आवरत नव्हतं. वहिनी म्हणाल्या, "आमच्या माठालाही एक करून द्या ना. अगदी असंच."

आयुष्यात पहिल्यांदा मला ऑर्डर मिळाली होती. या वेळी मी ओलं लाकूड घेतलं नाही. जुन्या बाजारात, पाडलेल्या एका वाड्याच्या तुळईचा सागवानी तुकडा मिळाला. पिढ्यान्‌पिढ्या वाळलेलं लाकूड, आकसायचं तेवढं आकसून मोकळं झालेलं. साग फक्त हत्यारांची धार खातो, कारण त्यात वाळूच्याच जातीची सिलिका असते. पण धार लावत लावत मी निघालो. वेग बरोबर ठेवला, कारण दुसरी कुंडी हिने उचलून आत नेली होती. उतार आधी टेकवला, मूठ मग उचलली. ‘खाड’ झालं नाही. आतून "झालं का?" असा आवाज आला नाही, कारण काही ऐकूच येत नसल्याने ही घाबरून स्वतःच बघायला आली होती.

खाच पाडली. चक बसवला. आत कोरत कोरत तळापाशी आलो आणि मागच्या खेपेचा हिशोब तस्साच केला, तीच पट्टी, तीच वजाबाकी. आता तळ जाणार म्हणून हेल्मेटची काच खाली ओढली, लुंगी आधीच दोरीवरून काढून ठेवली, श्वास रोखला. काही गेलं नाही. या वेळी माझा हात नकळत थांबत थांबत चालला होता. थोडं आणखी कोरलं. तरी नाही. मागच्या खेपेला न मागता जे दोन मिनिटांत झालं होतं, ते आता जीव तोडून होईना. एकेक नंबर न गाळता पॉलिश पेपर घासला, जवसाचं तेल चोळलं, फडका दोरीवर पसरून वाळत घातला, आणि समोर पाहिलं तर चुंबळीच्या जागी एक बाऊल उभा होता. गोल, गुळगुळीत, बिनचिरेचा, सागाच्या तांबूस रेषा आत-बाहेर सलग फिरलेल्या. आईने त्यात बोट फिरवलं आणि बराच वेळ काढलं नाही. हिने त्यात लिंबं ठेवून पाहिली. होमिओपॅथांनी समोरून अंगठा दाखवला.

ऑर्डर ती ऑर्डर. मी लिंबं काढली, बाऊल फडक्यात गुंडाळला आणि जिना चढून वर नेऊन दिला. वहिनींनी तो हातात घेतला, उजेडात धरला, कौतुकाने सगळीकडून फिरवला, मग उलटा करून पाहिला. त्यांचा चेहरा पडला. बिचाऱ्या मला न दुखवता कसं सांगावं या विचारात दोन क्षण गप्प राहिल्या, आणि मग हळूच म्हणाल्या, "भावोजी, छान झालंय हो. पण याला तळ राहिलाय."